एक दिवसाची डीबीए स्पर्धा: कमी फाशावर तग धरणारी फौज

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मी वर्षभर घरी एका मित्राबरोबर डीबीए हा सैनिकाकृतींचा पटावरचा युद्धखेळ खेळतो आहे. पुढच्या महिन्यात इंग्लंडमधल्या एका गावच्या सभागृहात एक दिवसाची स्पर्धा आहे. पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी एका तासाची. मारियन (इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमाराचे) रोमन, सिथियन (गवताळ प्रदेशातले भटके घोडेस्वार) आणि प्राचीन भारतीय अशा तीन फौजा माझ्याकडे रंगवून तयार आहेत. यांपैकी कोणती न्यावी, तयारी कशी करावी, आणि नवख्या माणसाचा तिथे निभाव लागतो का?”

निभाव लागतो, आणि चांगला लागतो. फौज रोमनच न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सोळा वर्षे इंग्लंडमध्ये अशा स्पर्धा खेळून मी ज्या निष्कर्षाला आलो आहे तो आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे: एका दिवसाच्या स्पर्धेत तुमची योजना चांगल्या फाशावर किती सुंदर चालते याला फारसे महत्त्व नाही, फासा वाईट पडला तरी ती मोडत नाही ना, हे पाहावे लागते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. डीबीए, म्हणजे ‘दे बेलिस अँटिक्विटाटिस’, ही प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांची नियमावली वॉरगेम्स रिसर्च ग्रुपने 1990 साली प्रसिद्ध केली. फिल बार्कर हे तिचे मुख्य कर्ते. दोन्ही बाजूंना प्रत्येकी बारा एलिमेंट, म्हणजे तुकड्या असतात. 15 मिलिमीटर मापाच्या सैनिकाकृती वापरल्या, तर प्रत्येक तुकडीचा बेस 40 मिलिमीटर रुंद असतो. त्यावर अवजड पायदळाचे चार, घोडदळाचे तीन, हलक्या पायदळाचे दोन सैनिक किंवा एक हत्ती उभा असतो. सगळे युद्ध साधारण साठ सेंटीमीटर चौरस पटावर मावते. आपली पाळी आली, जिला बाउंड म्हणतात, की एक फासा टाकायचा. जितके टिंब तितके पिप, आणि जितके पिप तितक्या हालचाली. एकमेकींना चिकटून एकाच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या तुकड्यांचा गट एका पिपमध्ये हलतो. सुटी तुकडीही एकच पिप खाते. चार तुकड्या गमावणारी आणि शत्रूपेक्षा जास्त हानी सोसणारी बाजू हरते. बारांपैकी चार, म्हणजे एक तृतीयांश फौज. हे गणित दिवसभर डोक्यात ठेवावे लागते.

आता पिपच्या फाशाकडे जरा नीट पाहू. 1 किंवा 2 पडण्याची शक्यता प्रत्येक बाउंडला एक तृतीयांश असते. पहिल्या तीन बाउंडमध्ये एकदा तरी 1 किंवा 2 पडेल, याची शक्यता 27 पैकी 19, म्हणजे सुमारे 70 टक्के होते. फौजा एकमेकींना भिडतात त्या याच सुमाराच्या बाउंडमध्ये. म्हणजे पाचपैकी तीन-चार सामन्यांत, ऐन मोक्याच्या क्षणी, तुमच्या हाताशी एक किंवा दोनच हालचाली असणार आहेत. हे दुर्दैव मानू नका. खेळाची रचनाच तशी आहे आणि माझ्या मते हेच तिचे खरे सौंदर्य आहे, कारण प्राचीन सेनापतीलाही एकदा फौज चालू लागली की मोजकेच निरोप धाडता येत असत. मांडणी मात्र ही गोष्ट गृहीत धरून करायला हवी.

माझा स्वतःचा एक पराभव तपशिलाने सांगतो. मारियन रोमन माझे, समोर गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या प्राचीन टोळ्या, जेवणानंतरची फेरी. मी फौज तीन ठिकाणी वाटली होती: घोडदळ डावीकडे लांब, हलके पायदळ उजवीकडच्या झाडीकडे आणि मध्ये ब्लेड्स, म्हणजे तलवारबाज लीजन. कागदावर ती दुहेरी वेढ्याची योजना होती. पिप पडले 2, मग 1, आणि पुन्हा 1. घोडदळ सेनापतीपासून इतके दूर गेले होते की त्याला हलवायला जादा पिप लागत होता. म्हणून ते जागीच थिजले. मधली फळी एक तुकडी पुढे, एक मागे अशी दातेरी झाली आणि तिच्यातली एक तुकडी दोन्ही बाजूंनी उघडी पडली. गॉलची एक वॉरबँड, म्हणजे आवेशाने धावून येणारे टोळीवाले, तिच्यावर चालून आली आणि तिच्या शेजारच्या दोन वॉरबँडनी दोन्ही बगलांना ओव्हरलॅप केला, म्हणजे उघड्या बाजूंनी दाब दिला.

हिशेब असा झाला. पायदळाविरुद्ध ब्लेड्सचे मूल्य 5 आणि वॉरबँडचे 3. प्रत्येक ओव्हरलॅपमागे एक वजा, म्हणून माझे 5 चे 3 उरले. मला फासा पडला 3, त्यांना 5. माझी बेरीज 6, त्यांची 8. एरवी दुपटीने हरल्याशिवाय तुकडी सहसा मरत नाही, नुसती मागे सरते. पण वॉरबँडकडून हरलेली ब्लेड्सची तुकडी थेट नष्ट होते. माझ्या दोन्ही बगला झाकलेल्या असत्या, तर याच फाशांवर 8 विरुद्ध 8 अशी बरोबरी झाली असती आणि माझी तुकडी पटावर उभी राहिली असती. त्या एका खिंडारातून पुढच्या दोन बाउंडमध्ये आणखी तीन तुकड्या गेल्या. अर्ध्या तासाच्या आत माझे पानिपत झाले होते आणि डावीकडचे घोडदळ एकही वार न करता ते पाहत होते.

हाच हिशेब शक्यतांच्या भाषेत मांडतो, कारण ही तीन उत्तरे प्रत्येक रोमन खेळाडूला पाठ असावीत. बगला झाकलेल्या असतील, तर वॉरबँड ब्लेड्सना हरवते ते 36 पैकी 6 वेळा. एका बाजूने ओव्हरलॅप झाला की 36 पैकी 10 वेळा. दोन्ही बाजूंनी झाला की 36 पैकी 15 वेळा. सैनिक तेच, फासेही तेच. फक्त शेजारी कोण उभे आहे एवढ्याने धोका अडीचपट होतो. फळी एकसंध ठेवा, हा उपदेश सगळेच करतात. त्याची किंमत या आकड्यांत आहे.

म्हणूनच तुमच्या तीन फौजांपैकी रोमन. ब्लेड्सची सलग फळी एका गटात, एका पिपमध्ये पुढे सरकते. फासा 1 पडला तरी तुमचे मुख्य हत्यार चालू राहते, आणि 4 किंवा 5 पडले तर उरलेले पिप घोडदळ आणि हलके पायदळ यांच्यावर खर्चता येतात. सिथियन फौजेचे याच्या बरोबर उलट आहे. हलके घोडदळ खेळायला अतिशय देखणे असते, आणि गनिमी काव्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तर त्याची विशेष ओढ वाटते. पण एकेक तुकडी सुटी नाचवायची म्हणजे दर बाउंडला चार-पाच पिप हवेत. शिवाय हूल देत, मागे सरत, शत्रूची फळी विस्कटेपर्यंत थांबायला वेळ लागतो. तासाभराच्या फेरीत ते सामने अर्धवट राहतात, आणि अर्धवट सामन्याचे गुण बहुतेक स्पर्धांमध्ये विजयापेक्षा बरेच कमी असतात. सिथियन घेऊन चांगले क्रमांक मिळवणारे खेळाडू मी पाहिले आहेत; त्यांनी ती एकच फौज वर्षानुवर्षे खेळलेली असते.

प्राचीन भारतीय फौजेविषयी थोडे जास्त लिहितो, कारण तिच्यावर माझा जीव आहे. इंग्लंडमधल्या सभागृहात आपले हत्ती, रथ आणि धनुर्धारी पटावर मांडताना जो आनंद होतो, तो मी नाकारणार नाही. पण हत्ती हलवायला एक पिप जास्त लागतो, म्हणजे फासा 1 पडला की हत्ती उभे. शिवाय हत्तीने घाबरायचे ते मोठ्या शत्रूला नव्हे, लहान शत्रूला. सायलॉय, म्हणजे भाले आणि गोफणीने दगड फेकणारे विरळ पायदळ, किंवा ऑक्झिलिया, म्हणजे अवघड जमिनीतही लढणारे चपळ पायदळ, यांनी हत्तीला एका अंकाने जरी हरवले तरी तो मरतो. यात नियमकर्त्यांची लहर नाही. इ.स.पू. 326 मध्ये झेलमच्या काठी पोरसच्या हत्तींना अलेक्झांडरच्या हलक्या भालेकऱ्यांनी चहूबाजूंनी टोचूनच बेजार केले होते. या फौजेला दर बाउंडला आपले हत्ती कोणासमोर येणार आहेत याची काळजी वाहावी लागते, आणि पहिल्याच स्पर्धेत, पाच अनोळखी प्रतिस्पर्ध्यांसमोर, ते ओझे जड जाते. दहा-बारा सामने घरी खेळून मग ती न्या. माझे हत्ती मी तिसऱ्या वर्षी नेले.

फौज ठरली की भूभागाचा विचार करा. दोघे खेळाडू एकेक फासा टाकतात, त्यात आपापल्या फौजेचा आक्रमकतेचा अंक मिळवतात. हा अंक 0 ते 4 असतो. ज्याची बेरीज कमी तो बचाव करणारा, आणि भूभाग त्याने त्याच्या देशाच्या प्रकारानुसार मांडायचा. रोमन आक्रमक असल्यामुळे तुम्ही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या अंगणात लढणार आहात, हे धरून चाला. तिथे झाडी, दलदल, खडकाळ टेकड्या असणारच. अवघड जमिनीत ब्लेड्स, भालेवाले आणि घोडेस्वार यांना लढताना दोन वजा होतात. ऑक्झिलिया आणि सायलॉय यांना होत नाहीत. तेव्हा झाडी दिसली की ती जिंकायला लीजन पाठवू नका. तिच्या तोंडाशी ऑक्झिलियाची एक तुकडी उभी करा, तिने फक्त शत्रूला बाहेर येऊ द्यायचे नाही, आणि लढाई मोकळ्या जमिनीवर उरकायची. झाडीतले युद्ध जिंकून सामना हरलेले नवखे खेळाडू मी दरवर्षी पाहतो.

भूभाग दुसऱ्याचा असला तरी एक मोठा फायदा तुमच्याकडे येतो: बचाव करणाऱ्याला फौज आधी मांडावी लागते. तो मांडत असताना चहा आणायला जाऊ नका. त्याचे घोडदळ कोणत्या बाजूला आहे, हलके पायदळ झाडीजवळ आहे की मधल्या फटी बुजवायला ठेवले आहे, सेनापती कोणत्या तुकडीत आहे, हे शांतपणे पाहा आणि तुमची फळी त्याच्या कमकुवत टोकाच्या समोर थोडी लांब जाईल अशी मांडा. म्हणजे भिडताना ओव्हरलॅप तुमचा असेल. बारांपैकी एक किंवा दोन तुकड्या फळीच्या मागे राखीव ठेवा. त्या वाया गेल्या असे वाटते. पण एखादी तुकडी मागे सरली किंवा मेली की तिथले खिंडार एका पिपमध्ये बुजवणारी तीच असते. सेनापतीच्या तुकडीला लढताना एक अंक जास्त मिळतो, म्हणून तिला लढायला लावण्याचा मोह होतो. मी तिला फळीच्या टोकाशी, पण मागे ठेवतो, आणि निर्णायक वेळी एकदाच पुढे काढतो.

सरावासाठी माझा एकच आग्रह आहे. मित्राबरोबर निदान तीन सामने असे खेळा, की त्याने नेहमीप्रमाणे पिपचा फासा टाकायचा आणि तुम्ही टाकायचाच नाही. तुम्हाला प्रत्येक बाउंडला फक्त दोन पिप. पहिला सामना हराल. दुसऱ्यात तुमच्या लक्षात येईल की मांडणीतच कोणती तुकडी चुकीच्या जागी होती, कारण ती तिथून हलवायला तुमच्याकडे कधीच पिप उरत नाही. तिसऱ्या सामन्यापर्यंत तुमची मांडणी आपोआप साधी आणि घट्ट होते. शिवाय घड्याळ लावा. भूभाग आणि मांडणी मिळून दहा मिनिटांत उरकली पाहिजे, कारण फेरीचा तास तिथूनच मोजला जातो.

जाण्यापूर्वी आयोजकांचे पत्रक लक्षपूर्वक वाचा. नियमांची कोणती आवृत्ती आहे हे सर्वांत आधी पाहा. 2014 मध्ये आलेली 3.0 आणि तिच्या आधीची 2.2 यांत चाली आणि मूल्ये दोन्ही बदललेली आहेत आणि आजही काही मंडळी जुन्या आवृत्तीवर खेळतात. काही स्पर्धांना कालखंडाची अट असते. काही ठिकाणी प्रत्येकाने इतिहासात एकमेकांशी लढलेल्या दोन फौजांची जोडी आणायची असते, आणि ज्याची जोडी पटावर येते त्याच्या प्रतिस्पर्ध्याला त्यातली हवी ती फौज निवडण्याचा हक्क मिळतो. तशी स्पर्धा असेल तर तुमच्या रोमनांना गॉलांची सोबत लागेल. पट आणि भूभागाचे तुकडे स्वतःचे न्यायचे आहेत का, आणि सामना अर्धवट राहिल्यास गुण कसे देतात, हेही विचारून ठेवा.

सामानाच्या बाबतीत सांगायचे तर माझी पेटी सोळा वर्षांत फारशी बदललेली नाही. बेसच्या खाली पातळ चुंबकी पत्रा चिकटवलेला आणि पेटीला आतून लोखंडी तळ; आगगाडीत पेटी आडवी झाली तरी एकही सैनिक हलत नाही. पहिल्या वर्षी मी फौज कापसात गुंडाळून नेली होती आणि पोहोचेपर्यंत निम्म्या भाल्यांचे आकडे झाले होते. 40 मिलिमीटरच्या खुणा केलेली एक लाकडी पट्टी न्या, कारण 3.0 मध्ये सगळी अंतरे बेसच्या रुंदीत मोजतात आणि टेपपेक्षा पट्टी सैनिकांच्या गर्दीत सहज शिरते. दोन मोठे, स्पष्ट टिंबांचे फासे आणि ते टाकायला एक उथळ डबी. पटकन सुकणारा गोंद. फौजेच्या यादीच्या दोन छापील प्रती, एक प्रतिस्पर्ध्याला द्यायला. दिवसाचा बराच वेळ उभे राहून वाकावे लागते, तेव्हा बूट आरामदायी असू द्या. जेवणाची सोय असली तरी मी घरून पोळी-भाजीचा डबा नेतो. जेवणाची सुट्टी छोटी असते आणि रांगेत उभे राहण्यापेक्षा ती वेळ शांत बसण्यात घालवली तर चौथ्या-पाचव्या फेरीत फार उपयोगी पडते. शेवटच्या दोन फेऱ्यांतल्या माझ्या बहुतेक चुका थकव्याच्या होत्या. समोरची बगल डोळ्यांना दिसत होती, पण मनात उतरत नव्हती.

पटावरच्या रीतीभातींना इथे नियमांइतकेच वजन आहे. सगळ्यांत महत्त्वाची सवय म्हणजे हेतू मोठ्याने सांगणे. तुकडी ठेवतानाच म्हणावे, “ही तुमच्या थ्रेट झोनच्या (तुकडीसमोरच्या, शत्रूच्या हालचालींवर बंधन घालणाऱ्या पट्ट्याच्या) बाहेर थांबते आहे, मान्य ना?” किंवा “ही फळी तुमच्या फळीला समांतर ठेवतो आहे.” प्रतिस्पर्ध्याने मान हलवली की पुढच्या बाउंडला मिलिमीटरवरून वाद होत नाही. तिरका अडकलेला फासा पुन्हा टाकायचा की नाही, हे पहिल्या फाशाआधीच ठरवावे. पेच सुटला नाही तर पंचांना बोलवावे. त्यात कमीपणा नाही आणि रागही नाही. दुसऱ्यांचा सामना पाहताना मात्र तोंड मिटून पाहावे. आणि आपण आघाडीवर असताना घड्याळ संपावे म्हणून चाल रेंगाळवू नये. हे मी अगदी मनापासून सांगतो, कारण या छंदात लोक वीस-वीस वर्षे त्याच वीस-पंचवीस चेहऱ्यांशी खेळतात आणि संथ खेळून मिळवलेला गुण कोणी विसरत नाही.

नवख्याच्या निभावाबद्दल सांगायचे तर बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीने होतात: प्रत्येक फेरीत सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. पहिल्या दोन फेऱ्या हरलात तरी बाहेर पडत नाही. तिसऱ्या फेरीपासून तुमच्यासारख्यांशीच गाठ पडते. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी पाचपैकी एक सामना जिंकलो, तो शेवटचा. आदल्या फेरीत मला हरवणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी सामना संपल्यावर पट पुन्हा मांडून, मी कोणत्या क्षणी हरलो ते दाखवले होते. तो क्षण मला वाटत होता त्याच्या चार बाउंड आधीचा होता. तुम्हीही हे विचारा. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि असे ज्ञान घरी एकाच मित्राबरोबर खेळून मिळत नाही. सोसायटी ऑफ एन्शंट्स ही या विषयाची ब्रिटनमधली 1965 पासूनची संस्था; तिचे ‘स्लिंगशॉट’ हे नियतकालिक अवश्य वाचा, कारण पटावर ज्यांच्या फौजा आपण हलवतो त्यांचा इतिहास तिथे अतिशय आस्थेने चर्चिला जातो.

स्पर्धेला जाताना एक छोटी वही बरोबर ठेवा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात चारच गोष्टी लिहा: समोर कोणती फौज होती, पिप किती पडले, पहिली तुकडी कुठे गेली आणि तिच्या शेजारी तेव्हा कोण उभे होते. माझ्या वहीत या चौथ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘कोणी नाही’ हा आहे.